अरुण खेत्रपाल यांच्याबद्दल मुलांना काय सांगू?

कात्रजची आई:
१६ डिसेंबरला आमच्या सोसायटीत मुलांसमोर दहा मिनिटं बोलायचंय, १९७१ च्या भारत-पाक युद्धात याच तारखेला शहीद झालेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावर. जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), रणगाड्यांची रेजिमेंट पूना हॉर्स, म्हणजे आपल्या किती जवळचे, तरी मोठ्या मुलांनासुद्धा नाव माहीत नाही हो. नेटवर बघावं तर फक्त किती टँक उडवले तेवढंच. एकविसाव्या वर्षी गेलेला पोरगा मुलांना आपला वाटला पाहिजे, कुठून सुरू करू?

निवृत्त हवालदार, नगर:
ताई, नगरपासून सुरू करा. जून ७१ मध्ये कमिशन मिळालं, म्हणजे अधिकारी झाले, आणि लढाई लागली तेव्हा साहेब इथेच नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होते, तो अर्धवट सोडून थेट आघाडीवर. पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात बसंतर नदीपलीकडे सुरुंग पेरलेले, वाट पूर्ण मोकळी व्हायच्या आतच पूना हॉर्सचे सेंच्युरियन टँक त्यातून पुढे गेले. साहेबांच्या टँकला आग लागली, रेडिओवरून बाहेर पड म्हणून सांगितलं, त्यांनी कळवलं की गन अजून चालू आहे, मी टँक सोडणार नाही. त्या टँकचं नाव फामागुस्ता, तो नगरला आमच्या आर्मर्ड कॉर्प्स (रणगाडा दल) सेंटरमध्ये ठेवलाय.
आणि एक कळकळीची विनंती, त्याच टँकमध्ये साहेबांबरोबर नंदसिंगही शहीद झाले (हुद्दा सवार, म्हणजे शिपाई), त्यांचं नाव घ्याच. टँक चौघांचा असतो, एकट्याचा नाही.

सिंहगड रोडकर:
हवालदार साहेबांना सलाम. मी तर म्हणेन घरच्यांचंही सांगा. १७ तारखेला युद्ध थांबलं, घरचे पोरगा येणार म्हणून वाट बघत बसले आणि बातमी पोचली कितीतरी दिवसांनी. मग २००१ मध्ये वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, वयाच्या ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले, तिथे ज्यांच्या घरी उतरले त्या पाकिस्तानी ब्रिगेडियर नासर यांनीच शेवटी सांगितलं की तुमच्या मुलासमोरच्या टँकमध्ये मी होतो. त्या बापाने काय ऐकून घेतलं असेल, मला तर विचारच करवत नाही. मोठ्या मुलांना हे नक्की सांगा, लहानांना कळेल असं वाटत नाही.
आणि एनडीएची पासिंग आउट परेड ज्या मैदानावर होते त्याला खेत्रपालांचंच नाव आहे. खडकवासल्याला भजी खायला सगळेच जातात, मुलांना हे सांगितलं की लगेच लिंक लागेल.