सीलची रेंज आणि घाटाचा हिशोब

बीवायडी सील या इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजबद्दल, म्हणजे एका चार्जमध्ये जाणाऱ्या अंतराबद्दल, "५८० किमी सांगतात, मिळतात ४२०, म्हणजे फसवणूकच" असं एक मत ऐकलं, ते मला पटलं नाही. तिच्या परफॉर्मन्स मॉडेलची बॅटरी ८२.५६ युनिटची (एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास). ५८० हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे, एक्स्प्रेस वेवर एसी लावून १०० च्या वेगाने जाण्याचा नाही. मला तिथे किलोमीटरला साधारण १८० वॅट-तास लागतात, म्हणजे साडेचारशेच्या आसपास.

घाटाची भीती मात्र उगाच आहे. खोपोली ते लोणावळा चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट २४०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला जास्तीचे साडेतीन-पावणेचार युनिट लागतात, बॅटरीच्या ५ टक्क्यांहून कमी. उतरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते, त्यामुळे त्यातले बरेचसे परत येतात. खंडाळ्याहून खाली येताना बॅटरीचे ६१ टक्के ६२ झालेले पाहिले तेव्हा मुलगी मागून ओरडलीच, "बाबा, वाढलं!"

खर्चाचं म्हणाल तर सगळं घरच्या चार्जिंगवर अवलंबून आहे. घरी १० रुपये युनिट धरलं तर, चार्जिंगमधली गळती धरूनही, किलोमीटरला दोन रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २४ मोजले की तेच पावणेपाच. सोसायटीत पार्किंगला मीटर मिळत नसेल तर आधी ते मार्गी लावा, गाडी नंतर बुक करा.

आणि टायर! १९ इंची, वर ५३० पीएसची (साधारण तितक्याच हॉर्सपॉवरची) ताकद. सिग्नलला दर वेळी पाय दाबलात तर टायर लवकर झिजतील आणि विजेत वाचवलेलं तिथे जाईल.

ही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आहे, आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा. नाहीतर टक्केवारी नीट दाखवत नाही.