जुन्या लॅपटॉपात वायफाय कार्ड बदललंय का? अनुभव लिहा

खाडीकाठ, गुहागर
घरात फायबर आलं, पण २०१२चा लॅपटॉप अजून वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा हळू पट्टाच पकडतो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा नाही. आंब्याच्या ऑर्डरी, सातबारा, वीजबिल सगळं त्याच्यावरच, म्हणून टाकवत नाही. झाकण उघडलं तर आत मिनी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या खाचेत बसणारं अर्ध्या लांबीचं कार्ड, त्यावर अँटेनाची एक काळी आणि एक पांढरी वायर. दुकानदार 'नवा घ्या' एवढंच म्हणतो. कोणतं कार्ड घेऊ?

चिरेबंदी, देवगड
थांबा, आधी बायोस बघा, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारा लॅपटॉपातला मूळ प्रोग्रॅम. मी इंटेल ७२६० कार्ड मागवलं होतं. मिनी पीसीआय एक्सप्रेसमध्येही येतं, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएसपर्यंत चालतं, ब्लूटूथही आहे. हौसेने बसवलं, बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर मेसेज: अनधिकृत नेटवर्क कार्ड, बंद करून काढा. पुढे विंडोज उघडेचना. जुनं कार्ड परत बसवलं तर लगेच चालू! त्या काळात काही कंपन्या बायोसमध्येच चालणाऱ्या कार्डांची यादी टाकून ठेवत, यादीबाहेरचं घेतलं की संपलं. शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमधून पार्ट नंबर शोधला आणि त्याच नंबरचं जुनं कार्ड भंगारातल्या लॅपटॉपातून काढून घेतलं. ७२६० आता भाच्याकडे मजेत चालतंय.

पुळणीवरचा, वेंगुर्ला
आमच्या घराक दीड फूट जाड चिऱ्याच्यो भिंती. कार्ड बदलल्यार ५चो सिग्नल माजघराच्या दारापर्यंत येता, आत येणाच नाय. शेवटी २.४ वरच बसलंय. आधी राऊटर हलवन बघा, मगे पैसे घाला.

सुपारीबाग, श्रीवर्धन
माझा लॅपटॉप २०१६चा, एम.२ या नव्या प्रकारच्या खाचेचा. स्वस्त दिसलं म्हणून इंटेलचं एएक्स२०१ कार्ड घेतलं. ते सीएनव्हीआय निघालं, म्हणजे अर्धं काम प्रोसेसर-चिपसेटकडे. जुन्या मशीनला ते दिसतच नाही. नावात एकाचाच फरक, पण एएक्स२०० साधं पीसीआय एक्सप्रेसवर चालतं. परत करताना कुरिअरचे पैसे माझेच गेले.

लिनक्सवेडा, रत्नागिरी
विंडोजऐवजी लिनक्स असेल तर जुनं अथेरॉस एआर९२८५ कार्ड शोधा. वेगळं फर्मवेअर, म्हणजे कार्डात भरायची फाइल, लागत नाही. वेग मात्र बेताचा, ५ गिगाहर्ट्झ नाहीच.

चिरेबंदी, देवगड
एक राहिलं. आपल्याकडची खारी हवा! माझ्या जुन्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर होता. नवं घेण्याआधी बॅटरी काढून त्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुसा ब्रशने झाडा. मित्राचं 'मेलेलं' कार्ड एवढ्यावरच जिवंत झालं.

खाडीकाठ, गुहागर
पुसलं, पण ५ गिगाहर्ट्झ काही येत नाही, त्या कार्डात ते नसावंच. आता मॅन्युअल शोधतोय. पण वायरी काढताना फोटो काढायचा राहिला. काळी कुठे?

सुपारीबाग, श्रीवर्धन
कार्डावर वायरींच्या दोन जागा असतात, मेन (मुख्य) आणि ऑक्स (जोड). बहुतेक वेळा काळी मेनला, पांढरी ऑक्सला. उलटी लागली तरी काही जळत नाही. वायरीच्या टोकाची टोपी सरळ बसवा आणि 'टक्' आवाज होईपर्यंतच दाबा. तिरकी दाबली की कार्डावरची कडी वाकते.