कोजागरीचं ग्वाकामोले: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बुधवार

ए-२०१ (सांस्कृतिक समिती): शनिवारी गच्चीवर कोजागरी. दूध सेक्रेटरींकडे, भेळ सी विंगकडे. बी-५०२ वहिनी ग्वाकामोले, म्हणजे अ‍ॅव्होकाडोची मेक्सिकन चटणी, करणार आहेत. तीसेक माणसं धरा. वहिनी, सामान काय आणायचं ते इथेच टाका.

बी-५०२: नक्की करते. फक्त फळं आजच आणायला हवीत. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो, आणि दुकानात बहुतेक कडकच मिळतो. आज आणले तर शनिवारी बरोबर हाताशी येतील. बारा लागतील. खडबडीत सालीचे बघून घ्या, हॅस म्हणतात त्या जातीचे. कच्चे असताना हिरवे असतात, पिकले की साल काळपट जांभळी होते.

सी-१०४: माझ्या नेहमीच्या फळवाल्याकडे मोठे गुळगुळीत हिरवे आहेत, कूर्गचे. निम्म्या भावात देतोय. ते चालणार नाहीत का?

बी-५०२: खायला छान असतात, मिल्कशेकला तर उत्तमच. पण त्यांत पाणी जास्त आणि स्निग्धता कमी, त्यामुळे ग्वाकामोले सैल होतं आणि चिपवर ठरत नाही. हॅसमध्ये साधारण १५ टक्के चरबी असते, लोण्यासारखा लगदा त्यामुळेच होतो. हॅस मिळालेच नाहीत तर कूर्गचे घ्या, मग मी टोमॅटो घालणार नाही.

सी-१०४: बारा हॅस म्हणजे हजाराच्या वर जातील. थोडा उकडलेला दुधी मिसळला तर? रंग तोच येईल.

बी-५०२: तिकडेही हे झालंय. २०१९ मध्ये मेक्सिकोत अ‍ॅव्होकाडोचे भाव चढले तेव्हा टाकोच्या गाड्यांवर भोपळ्याच्या जातीची एक हिरवी कोवळी भाजी वाटून तशीच हिरवी चटणी करत होते. चटणी म्हणून ती चांगलीच लागते. पण तीस जणांतले निम्मे पहिल्यांदा खाणार आहेत, त्यांना खरी चव मिळू दे. दुधीची करायची तर वेगळ्या वाटीत, दुधीची म्हणूनच ठेवू. पैसे कमी पडले तर मी घालते.

ए-२०१: वर्गणीत बसतंय. आणा.

ए-३०२ काका: कोजागरीला आटीव दूध आणि पोहे हे आपलं. ही परदेशी चटणी मध्येच कशाला? शिवाय लिंबाचं आंबट आणि दूध एकत्र खाऊ नये, हे आमच्या आईपासून ऐकत आलोय.

बी-५०२: काका, दुधाचं तुमचं अगदी मान्य. ग्वाकामोले साडेसातला वाढते, दूध चंद्र वर आल्यावर, दहानंतर. मध्ये भेळ आणि गाणी आहेतच. परदेशीचं म्हणाल, तर त्यातली मिरची आणि टोमॅटो तिकडून आपल्याकडे आले, आणि कांदा, कोथिंबीर, लिंबू स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. मेक्सिकोत जे छोटं लिंबू पिळतात ते आपलं कागदी लिंबूच, जात तीच. सुपरमार्केटमधलं मोठं पिवळं लिंबू मला यात आवडत नाही, त्याला तो वास नाही.

आणि काका, हॅसची गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती, तुमची पोस्टातली नोकरी झालेली म्हणून. रुडॉल्फ हॅस हा कॅलिफोर्नियातला पोस्टमन. १९२० च्या दशकात त्याने थोडी जमीन घेऊन बिया लावल्या. एका रोपावर कलम काही धरेना, तो ते उपटणार होता, पण पुढे त्याचं फळ घरच्या मुलांना आवडलं असं सांगतात. १९३५ मध्ये त्याने त्या झाडाचं पेटंट घेतलं. आज जगभर जे हॅस पिकतात, ती सगळी झाडं कलमं करत करत त्या एका झाडापासून आलेली. मूळ झाड २००२ पर्यंत उभं होतं.

ए-३०२ काका: हे माहीत नव्हतं. पोस्टमनने केलं म्हणजे व्यवस्थित केलं असणार. साडेसातला येतो.

सेक्रेटरी: उद्या ११ ते २ टाकी साफ करणार आहेत. पाणी भरून ठेवा.

गुरुवार

सी-१०४: हॅस मिळाले. बारा. सगळे कडक आहेत. शनिवारपर्यंत होतील ना?

बी-५०२: आंब्यासारखी अढी लावा. फ्रीजमध्ये अजिबात नको, थंडीत पिकणं अडतं. कागदी पिशवीत घालून दोन पिकलेली केळी सोबत ठेवा. केळ्यातून इथिलीन वायू सुटतो, त्याने फळं लवकर पिकतात.

ए-१०३ आजी: तांदळाच्या डब्यात ठेवले तर? आम्ही चिकू तसेच पिकवायचो.

बी-५०२: चालतील की आजी. त्यांचाच वायू डब्यात कोंडून राहतो. फक्त रोज एकदा काढून बघायचे, आत विसरले की संपलं. सहा तुमच्याकडे पाठवू का? सगळे एकाच घरी नकोत.

ए-१०३ आजी: पाठव. पण पिकलं हे ओळखायचं कसं? आंब्यासारखा वास येतो का?

बी-५०२: वास नाही येत. आम्ही मेक्सिकोत ग्वादलाहारा शहरात राहायचो तेव्हा आठवडी बाजारात एक मावशी फळं विकायची. ती आधी विचारायची, आजला हवेत की उद्याला? मग ढिगातून त्या हिशेबाने उचलून द्यायची. देठाच्या बाजूला अंगठ्याने अलगद दाबून बघायची, पोटाला बोट लावू द्यायची नाही. पोटावर दाबलेलं प्रत्येक बोट आत काळा डाग होऊन निघतं. देठाशी किंचित दबलं की आजचं. आणखी एक खूण म्हणजे देठाचं छोटं बोंड नखाने उडवायचं. खाली हिरवं दिसलं तर छान, तपकिरी दिसलं तर फळ उतरलं. पण हे घ्यायच्या वेळी दुकानात करू नका, बोंड उडालं की तिथून फळ खराब व्हायला लागतं.

डी-१०१: वहिनी, आईचं डायलिसिस चालू आहे. तिला चालेल का?

बी-५०२: डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. यात केळ्यापेक्षा पोटॅशियम जास्त असतं, १०० ग्रॅममध्ये साधारण ४८५ मिलिग्रॅम. काकूंसाठी मी वेगळं काहीतरी आणते, त्यांना काय चालतं ते मला पर्सनलवर सांगा.

आणि बी-२०३, तुमच्याकडे पोपट आहे ना? त्याला याचा कणही द्यायचा नाही. अ‍ॅव्होकाडोत पर्सिन नावाचं द्रव्य असतं, माणसाला त्याचा त्रास नाही, पण पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतं. पार्टीनंतर साली आणि बिया गच्चीच्या कठड्यावर ठेवू नका, झाकणाच्या बादलीत टाका.

बी-२०३: बापरे. बरं झालं सांगितलंत. मुलांनाही सांगून ठेवते.

सी-४०१: आम्ही कांदा खात नाही, आणि सूर्यास्तानंतर जेवतही नाही. आमचं धरू नका.

बी-५०२: धरलंय भाभी. पाच वाजता तुमच्या चौघांचं वेगळं करून घरी आणून देते, कांद्याशिवाय. मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. लसूण मी कुणाच्याच वाटणात घालत नाही.

शुक्रवार

ए-२०१: मिक्सर गच्चीवर लागेल का? वायर ओढावी लागेल.

बी-५०२: मिक्सर नको, प्लीज. मिक्सरमध्ये त्याची गुळगुळीत पेस्ट होते, दाताखाली काहीच येत नाही. मला दगडी खल हवा. कुणाकडे आहे?

ए-१०३ आजी: माझ्या सासूबाईंचा आहे. काळ्या दगडाचा, जड आहे. दोघं लागतील उचलायला.

बी-५०२: आजी, अगदी हाच हवा! मेक्सिकोत त्याला मोल्काहेते म्हणतात, तीन पायांचा असतो, आणि तोही बेसॉल्टचाच. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या जातीचा. खरबरीत दगडावर मिरचीचा रस सुटतो तसा पात्याने सुटत नाही.

क्रम आधीच सांगते, म्हणजे मदतीला येणाऱ्यांना सोपं जाईल. आधी खलात थोडा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबिरीच्या काड्या आणि जाडं मीठ एकत्र वाटायचं, अगदी ओली चटणी होईपर्यंत. सगळी चव या वाटणात आहे. फळ त्यात नंतर येतं आणि त्याला फक्त मोडायचं, घोटायचं नाही. बोराएवढे तुकडे राहिले पाहिजेत. मग लिंबू, वरून बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि बिया काढलेला टोमॅटो अगदी थोडा. आपला लाल कांदा तिखट असतो, म्हणून वरचा कांदा गार पाण्यातून काढून निथळून घ्या. दही, मेयोनेज, चाट मसाला कुणी आणू नका. भेळेला आहे तिथे शोभतं.

बी-२०३: पण आदल्या दिवशी करून ठेवलं तर शनिवारी धावपळ वाचेल ना? गेल्या वेळी मी केलं ते तासाभरात काळं पडलं. आत बी ठेवली होती तरी.

बी-५०२: बीचा काही उपयोग नाही, ती फक्त तिच्याखालचा भाग झाकते. फळातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनला भेटलं की काळेपणा येतो. लिंबाने तो थोडा लांबतो, थांबत नाही. हवा लागू न देणं हाच उपाय. म्हणून वाटण, चिरणं सगळं सहाला तयार ठेवू आणि फळं सव्वासातला गच्चीवरच फोडू, लोकांसमोर. कापण्याआधी साल धुऊन घ्या, सुरी सालीवरची घाण आत नेते. आणि बी काढताना सुरीने तिच्यावर वार करू नका, हात कापून घेण्याची हीच जागा आहे. फळाच्या चार फोडी करा, बी बोटाने सुटते.

डी-४०३: सोबत काय? चिप्सची पाकिटं आणू?

बी-५०२: मक्याच्या बिनमसाल्याच्या मिळाल्या तर आणा, चीजवाल्या नको. मी उद्या ज्वारीच्या पातळ भाकऱ्या करून, तुकडे करून तव्यावर कडक करते. खरं सांगू, मला त्यांच्याबरोबर जास्त आवडतं. भाजलेला उडदाचा पापडही चालेल.

ए-१०३ आजी: तांदळातले चार झालेत ग. दोन अजून कडक आहेत.

बी-५०२: झालेले चार आता फ्रीजमध्ये ठेवा आजी, पिकल्यावर फ्रीज चालतो, उद्यापर्यंत तिथेच थांबतील. कडक दोन केळ्यांच्या पिशवीत इकडे पाठवा. उद्याही झाले नाहीत तर दहात भागवू. कच्चं फळ मी घालणार नाही, ते तुरट लागतं आणि मोडतही नाही.

शनिवार रात्र

ए-३०२ काका: चव आवडली. तिखट थोडं कमी होतं.

बी-२०३: वहिनी, दगडाच्या वाटणाने इतका फरक पडतो हे आज कळलं. उरलेलं वाटीभर मी घेतलंय. उद्या राहील?

बी-५०२: लहान स्टीलच्या डब्यात दाबून सपाट करा, आत हवेची जागा राहू देऊ नका. वर अगदी पातळ पाण्याचा थर द्या, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पाणी ओतून टाका आणि ढवळा. गरम थालीपिठाबरोबर खा. ते स्वतः मात्र गरम करू नका, कडू होतं.

डी-४०३: घरी चौघांसाठी करायचं तर प्रमाण?

बी-५०२: तीन हॅस, अर्धा मध्यम कांदा, दोन तिखट मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एक रसाळ कागदी लिंबू, अर्धा चमचा जाडं मीठ. लिंबू एकदम पिळू नका, निम्मं पिळून चव बघा. काकांसाठी तीन मिरच्या.

सी-१०४: फळवाल्याला सांगून ठेवलंय, बुधवारी परत हॅस येणार आहेत. कुणाला हवे असतील त्यांनी आकडा टाका.

ए-१०३ आजी: मला दोन. आणि खल उद्या सकाळी कुणीतरी खाली आणून द्या रे.