मदत हवी आहे: मणक्यातल्या इंजेक्शनआधी रक्ताच्या एवढ्या तपासण्या पुरतात का?

नमस्कार. आम्ही तासगावचे. सासूबाई ६३ वर्षांच्या, कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली गादी सरकली आहे. उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते, मांडी घालून बसणं कधीच सुटलं. गोळ्या, फिजिओथेरपी सगळं झालं. आता मिरजेत एपिड्युरल स्टेरॉईड इंजेक्शन (मणक्यात नसांजवळ देतात ते) सुचवलंय. प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) दोन्ही नॉर्मल, पुढच्या आठवड्याची तारीखही मिळाली.

पण त्यांची दाढ काढली तेव्हा रात्रभर रक्त थांबेना. कापसाचे बोळे बदलून बदलून थकलो, सकाळी डेंटिस्टनी टाका घातला तेव्हा कुठे थांबलं. बांगड्या भरल्या की मनगटावर काळेनिळे डाग. पाळी होती तोवर अंगावरून फार जायचं, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचंही तसंच. घरात उत्तर ठरलेलं, "बायकांना असतंच ते." त्यात रोज इकोस्प्रिन ७५, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिनची गोळी, चालू आहे. शुगर आहे म्हणून कधीतरी सुरू झालेली. स्टेंट वगैरे नाही.

दीर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, उगाच फाटे फोडू नका. जाणकारांनी सांगा, शंका रास्त आहे का?

कृष्णाकाठ: ताई, अगदी रास्त. मी डॉक्टर नाही, पण भाऊ हिमोफिलियाचा (रक्त नीट न गोठण्याचा आजार) पेशंट, त्यामुळे घरात हेच विषय. तुम्ही लिहिलंय त्यावरून व्हॉन विलेब्रँड आजार आहे का, हे बघायला हवं. त्यात रक्त गोठायला मदत करणारं व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (व्हीडब्ल्यूएफ) हे प्रथिन कमी किंवा सदोष असतं. तो बायकांनाही होतो, घराण्यातून येतो, आणि सौम्य असेल तर पीटी, प्लेटलेट, अगदी एपीटीटी ही गोठण्याची दुसरी तपासणीसुद्धा नॉर्मल येऊ शकते. त्यासाठी व्हीडब्ल्यूएफ अँटिजेन, व्हीडब्ल्यूएफ अॅक्टिव्हिटी आणि फॅक्टर ८ अशा वेगळ्या तपासण्या असतात. ताप, सूज, ताण असला की व्हीडब्ल्यूएफची पातळी वर जाते, म्हणून एकदा नॉर्मल आली तरी कधीकधी पुन्हा करायला सांगतात. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये हिमोफिलियाचं डे केअर सेंटर आहे, तिथे विचारा.

निवृत्त भूलतज्ज्ञ: दाढेचं रक्त बोळा दाबून धरता येतं, मणक्याच्या आत दाबायला जागाच नसते. तिथे रक्ताची गाठ झाली तर नसा दबतात. हे क्वचितच होतं, पण झालं तर पाय आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून दाढेची आणि बाळंतपणाची हकीकत इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर आधी घाला. माझ्या मते ती आयएनआरपेक्षा जास्त बोलते. इकोस्प्रिन मनाने बंद करू नका, फिजिशियनना विचारा. तिचा प्लेटलेटवरचा परिणाम ७ ते १० दिवस राहतो. दुखतंय म्हणून मधेच डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी देऊ नका, तिनेही रक्तस्राव वाढू शकतो. दोष निघाला म्हणजे इंजेक्शन कायमचं रद्द असंही नाही. हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) डेस्मोप्रेसिन हे औषध किंवा फॅक्टर देऊन पातळी वर आणू शकतात. आणि इंजेक्शननंतर पाठीत नवी तीव्र कळ, पायातली ताकद कमी, बधिरपणा किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता तातडीने एमआरआय.

धागाकर्ती: दोघांचे आभार. मिरजेला फोन केला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि तारीख पुढे ढकलली. इकोस्प्रिनचं फिजिशियनशी ते स्वतः बोलणार आहेत. दीर गप्प आहेत! आता अडचण एकच, साताऱ्यापर्यंत गाडीत त्यांना बसवत नाही. या तपासण्यांचं रक्त सांगली-मिरजेत कुठे घेतात, कुणी अलीकडे केल्या असतील तर कृपया कळवा.