फँटसी, विज्ञान, भय, अभिजात: चारही कादंबऱ्यांना एकच फूटपट्टी?

चष्मिष्ट
मंडळी, या चारही प्रकारांतल्या कादंबऱ्यांवर ७०० शब्दांच्या आसपास परीक्षणं लिहायची आहेत. कथानक, पात्रं, भाषा, शेवट हे ठरलेले मुद्दे घेतले की फँटसीची नुसती नावांची जंत्री होते, भयकादंबरीचं रहस्य फुटतं आणि अभिजात कादंबरीचा सारांश तेवढा उरतो. कथानक किती सांगायचं? टिपणं कशी काढायची? तारे द्यावेत का?

तिरफळ
कथानक १५० शब्दांत आटपा आणि पुस्तकाच्या पहिल्या पाव भागापलीकडे जाऊ नका. मलपृष्ठावर आहे ते सांगायला हरकत नाही, पण काही मलपृष्ठंच अर्धी गोष्ट फोडतात, तेव्हा तेही तपासून.

टिपणात पृष्ठक्रमांक आणि पुढे तीन-चार शब्द पुरतात. फँटसीत जादूचा नियम पहिल्यांदा कुठे येतो, तिची किंमत कोण मोजतं आणि नियम कुठे वाकवला, एवढी पानं हाताशी असली की निम्मं परीक्षण तयार. शेवटच्या संकटातून सुटका करणाऱ्या शक्तीचा आधी मागमूसही नसेल तर तो दोषच. पण पानांचा आधार दिला नाहीत तर ती कुरकुर वाटते. राज्यं, वंश, देवता मिळून पाचाच्या वर नावं नकोत. ‘थोरला राजपुत्र’, ‘सीमेवरचं गाव’ एवढ्यावर वाचकाचं भागतं.

मालिकेतला खंड असेल तर तो स्वतंत्र म्हणून लिहिलाय का ते आधी बघा. टोल्किननी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिली एकसंध, ती छापली गेली १९५४-५५ मध्ये तीन खंडांत. पहिल्या खंडाचे ‘शेवट अर्धवट’ म्हणून गुण कापणं म्हणजे बाइंडिंगचं परीक्षण झालं.

दुर्बीण
विज्ञान कादंबरीत लेखकाची एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि तिथून पुढचा हिशोब तपासायचा. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) यंत्र कसं चालतं हे तोंडी लावण्यापुरतंच आहे. परीक्षणाचे दोन परिच्छेद त्यावर घालवू नका. कादंबरीचा जीव आहे सन ८,०२,७०१ मधल्या इलॉय आणि मॉरलॉक या दोन जमातींत: इंग्लंडातली मालक-मजूर दरी तशीच वाढत गेली तर माणूस कुठे पोचेल? हा तर्क कुठे घट्ट आहे, कुठे सुटतो, ते शोधा. त्या काळचं विज्ञान आज चुकीचं ठरलं म्हणून नापास करू नये. स्वतःच घातलेला नियम लेखकाने मोडला तर मात्र सोडू नये.

अनुवादाकडेही लक्ष हवं. फ्रेंच लेखक व्हर्नच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चा मर्सियरने केलेला १८७० च्या दशकातला इंग्रजी अनुवाद मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळतो, शास्त्रीय तपशीलही चुकवतो. तेवढ्यावरून ‘व्हर्नचं विज्ञान कच्चं’ म्हणणं हा अन्याय. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या व्हर्नवर लिहायचं असेल तर आतल्या पानावर अनुवाद, रूपांतर की संक्षेप, काय छापलंय ते पाहून मगच लेखणी उचला.

रातकिडा
भयकादंबरीसाठी वहीत दोन रकाने पाडा: पात्राला काय ठाऊक, वाचकाला काय ठाऊक. ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) पहिली चार प्रकरणं म्हणजे ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात गेलेल्या हार्करची रोजनिशी. पाचव्यात एकदम त्याची वाग्दत्त वधू मीना आणि तिची मैत्रीण ल्यूसी यांची पत्रं. ल्यूसी लग्नाच्या मागण्यांबद्दल लिहितेय आणि किल्ल्यात काय आहे ते आपल्याला माहीत, त्या दोघींना नाही. ‘इथे गोष्ट रेंगाळते’ असं लिहिण्याआधी रकाने बघितले तर ही भीती हातची सुटत नाही.

‘जेकिल आणि हाइड’चं (१८८६) गुपित आज शाळकरी पोरांनाही ठाऊक. मूळ रचनेत ते दहापैकी शेवटच्या दोन प्रकरणांतच उलगडतं. तोवर आपण अटरसन वकिलाच्या मागे मागे. अशा वेळी गुपित लपवायचं नाटक नको, लेखकाने ते कसं लपवलं ते सांगा. नव्या पुस्तकाचं रहस्य मात्र फोडू नका, ‘स्पॉयलर आहे’ अशी पाटी लावूनही नको.

आणि ‘भीती वाटली नाही’ एवढ्याने भागत नाही हो. भूत फार लवकर दाखवलं, त्याचे नियम बदलत राहिले, की पात्रांची काळजीच वाटली नाही?

तारे द्यायचेच तर प्रकारातल्या प्रकारात द्या. चारही प्रकार एका यादीत लावले की त्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

चष्मिष्ट
धन्यवाद! सुरुवात ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून करतोय. अभिजात कादंबरीबद्दल कुणीच बोललं नाही. कुठली प्रत घ्यावी?

जुनी_प्रत
तिथे प्रतच कळीची. १८१८ ची पहिली आवृत्ती निनावी निघाली. १८३१ मध्ये मेरी शेलीने बरेच बदल केले. पहिल्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण, १८३१ च्या आवृत्तीत कुटुंबाने सांभाळलेली अनाथ मुलगी. तिच्यात नियतीवरचा भरही वाढलाय. त्यामुळे ‘व्हिक्टर स्वतःच्या कर्माने बुडतो की दैवाने?’ या प्रश्नाचं उत्तर प्रतीनुसार बदलतं. एका प्रतीतून उतारे घेऊन दुसरीवरची टीका जोडली की परीक्षण तिथेच फसतं.

प्रस्तावनेवरून आवृत्ती ओळखू नका, कारण १८३१ ची प्रस्तावना १८१८ च्या नव्या प्रतींतही परिशिष्टात घालतात. प्रकरणांचे क्रमांक बघा: सलग १ ते २४ असतील तर १८३१ ची, तीन खंडांत दर वेळी पुन्हा १ पासून असतील तर १८१८ ची. परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात आवृत्तीचं साल टाका.