स्कॅनर ‘कनेक्टेड’ दाखवतो, पण सगळे मेलबॉक्स तपासत नाही – मायक्रोसॉफ्ट ३६५

टेनंटवाला:
आमच्या टेनंटमध्ये (मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं कंपनीचं खातं) एक्स्चेंज ऑनलाइन या मेलसेवेवर १८० मेलबॉक्स आहेत. मेलमधल्या लिंक आणि अटॅचमेंट तपासणारा एक क्लाउड स्कॅनर ग्राफ एपीआयने (दुसऱ्या प्रोग्रामने मायक्रोसॉफ्टच्या सेवांशी बोलायचा मार्ग) जोडला आहे. ग्लोबल ॲडमिनने कन्सेंट (ॲपला परवानगी) दिला, डॅशबोर्डवर हिरवी खूण आली. पण लॉगमध्ये साधारण चाळीस मेलबॉक्सवर ४०३ (परवानगी नाही) येतो आणि पाच-सहांवर ४०४ (सापडत नाही). बाकीचे नीट चालतात, तेही आठवडाभरच. मग नवा मेल आलेला स्कॅनरला कळतच नाही, डिसकनेक्ट करून पुन्हा जोडला की सुरू होतो.

शिवाय एचआर आणि लीगलचे मेलबॉक्स स्कॅनरने वाचू नयेत असं वरून सांगितलंय. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ते ‘एक्सक्लूड’ केलेत, एवढं पुरेसं आहे का? आणि एपीआयचा नाद सोडून सरळ एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जावा हे सांगणारी डीएनएस नोंद) गेटवेकडे, म्हणजे मेल आत येण्याआधी तपासणाऱ्या सर्व्हरकडे, वळवावा का?

परवानगीप्रमुख:
हिरव्या खुणेचा अर्थ टोकन (ॲपचा प्रवेशपास) मिळालं, इतकाच. प्रत्येक मेलबॉक्सपर्यंत पोच आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

४०३ च्या मजकुरात ‘ब्लॉक्ड बाय टेनंट कॉन्फिगर्ड ॲपओन्ली ॲक्सेसपॉलिसी’ असं काही आहे का ते पाहा. असेल तर या ॲपवर कुणीतरी ॲप्लिकेशन ॲक्सेस पॉलिसी लावून ठेवली आहे आणि ते चाळीस मेलबॉक्स तिच्या ग्रुपमध्ये नाहीत. पॉवरशेलमध्ये ‘गेट-ॲप्लिकेशनॲक्सेसपॉलिसी’ चालवलं की दिसेल. ४०४ सोबत ‘मेलबॉक्सनॉटएनेबल्डफॉररेस्टएपीआय’ असेल तर तो मेलबॉक्स अजून ऑन-प्रिमाइसेस सर्व्हरवर आहे किंवा लायसन्स काढल्यामुळे निष्क्रिय झाला आहे. तिथे परवानगीचा काही संबंध नाही.

आता एक्सक्लूड. नाही, पुरेसं नाही. स्कॅनरमधली ती यादी म्हणजे विक्रेत्याने दिलेला शब्द. एन्ट्रामध्ये (खाती आणि परवानग्या सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) दिलेली मेल.रीडराइट (मेल वाचणं आणि बदलणं) ही ॲप्लिकेशन परवानगी मात्र अख्ख्या टेनंटला लागू असते. कुलूप एक्स्चेंजच्या बाजूने लागायला हवं. त्यासाठी ‘आरबॅक फॉर ॲप्लिकेशन्स’ (ॲपला ठराविक मेलबॉक्सपुरतीच परवानगी द्यायची एक्स्चेंजची सोय) वापरा:

आधी ‘न्यू-सर्व्हिसप्रिन्सिपल’ने स्कॅनरचं ॲप एक्स्चेंजला ओळखीचं करा. इथे लागणारा ऑब्जेक्ट आयडी ‘एंटरप्राइझ ॲप्लिकेशन्स’ पानावरचा. ‘ॲप रजिस्ट्रेशन्स’ पानावरही एक ऑब्जेक्ट आयडी असतो, तो वेगळा. तो टाकला तर पुढचं सगळं फुकट जातं. मग एचआर-लीगलच्या मेलबॉक्सवर कस्टमॲट्रिब्यूट१ मध्ये एक खुणेचा शब्द भरा आणि ‘न्यू-मॅनेजमेंटस्कोप’मध्ये ‘तो शब्द नसलेले सगळे’ असा फिल्टर द्या. ग्रुपवरूनही स्कोप बनतो, पण त्यात फक्त थेट सदस्य धरले जातात, ग्रुपमधल्या ग्रुपचे नाहीत. शिवाय नवा माणूस रुजू झाला की त्याला ग्रुपमध्ये घालायचं कुणाच्या तरी लक्षात राहावं लागतं. शेवटी ‘न्यू-मॅनेजमेंटरोलअसाइनमेंट’ने ‘ॲप्लिकेशन मेल.रीडराइट’ हा रोल त्या स्कोपसह ॲपला द्या.

तपासणीला ‘टेस्ट-सर्व्हिसप्रिन्सिपलऑथरायझेशन’ आहे. एचआरचा एक आणि साधा एक असे दोन्ही पत्ते देऊन ‘इनस्कोप’ काय येतं ते बघा. ही कमांड कॅशे (साठवलेलं जुनं उत्तर) वापरत नाही, त्यामुळे उत्तर लगेच खरं मिळतं; प्रत्यक्ष कॉलवर बदल दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागू शकतात.

यानंतरचा क्रम चुकवू नका. आरबॅकची परवानगी आणि एन्ट्रामधला कन्सेंट यांची बेरीज होते, एकाने दुसऱ्याला आळा बसत नाही. म्हणजे एन्ट्रामधली मेल.रीडराइट काढल्याशिवाय एचआर उघडाच. जुनी ॲक्सेस पॉलिसी असेल तर आधी एन्ट्राचा कन्सेंट काढा, पॉलिसी नंतर. उलट केलंत तर मधल्या वेळात ॲपला सगळे १८० मेलबॉक्स मोकळे. युजरची यादी वाचण्यासाठीची युजर.रीड.ऑल मात्र एन्ट्रातच राहू द्या.

एक अडचण येईल. आरबॅकने दिलेली परवानगी टोकनमधल्या रोल्सच्या यादीत दिसत नाही. काही स्कॅनर जोडणी तपासताना तीच यादी वाचतात आणि ‘परमिशन मिसिंग’ म्हणून अडून बसतात, कॉल चालत असले तरी. विक्रेत्याला आधीच विचारून घ्या. ‘रीकनेक्ट’ बटण दाबू नका. ते पुन्हा कन्सेंटच्या पानावर नेतं आणि काढलेली परवानगी परत येते.

वेबहुक_आणि_चहा:
आठवड्याने थांबतं त्याचं कारण बहुतेक सबस्क्रिप्शन. नवीन मेलची सूचना ग्राफकडून मिळवायला प्रत्येक मेलबॉक्ससाठी सबस्क्रिप्शन बनवावं लागतं आणि त्याची कमाल मुदत १०,०८० मिनिटं, म्हणजे सात दिवसांच्या आत. सूचनेसोबतच मेलचा मजकूर मागवला असेल तर १,४४० मिनिटं, एक दिवसच. मुदत संपण्याआधी स्कॅनरने ते वाढवायला हवं. तुम्ही पुन्हा जोडता तेव्हा सबस्क्रिप्शन नव्याने बनतं, म्हणून चालू झाल्यासारखं वाटतं. विक्रेत्याकडे तक्रार करताना हेच शब्द वापरा: ‘सबस्क्रिप्शन रिन्यू होत नाही’. ‘स्कॅनिंग बंद पडतं’ एवढंच लिहिलंत तर कॅशे साफ करा असं उत्तर येईल.

सोबत आणखी एक विचारा: राहून गेलेला मेल नंतर डेल्टा क्वेरीने (मागच्या वेळेनंतर काय बदललं ते विचारून) उचलला जातो का? फक्त सूचनांवर विसंबलेला स्कॅनर मेल गाळतोच.

स्कॅनर स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर वेबहुकचा पत्ता (ज्यावर ग्राफ सूचना पाठवतो तो) बाहेरून एचटीटीपीएसवर उघडा हवा. सबस्क्रिप्शन बनताना ग्राफ त्या पत्त्यावर व्हॅलिडेशन टोकन पाठवतो. ते १० सेकंदांत, साध्या टेक्स्टमध्ये, २०० या कोडसह जसंच्या तसं परत जायला हवं. मध्ये फायरवॉलने लॉगिनचं पान दाखवलं की सबस्क्रिप्शन बनणार नाही.

पहिल्याच दिवशी जुना मेल स्कॅन करायला लावलात तर ४२९ (विनंत्या जास्त झाल्या) दिसतील. एका ॲपला एका मेलबॉक्सवर १० मिनिटांत १०,००० विनंत्या आणि एका वेळी ४ समांतर, अशी मर्यादा आहे. ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर पाळणारा स्कॅनर थांबत थांबत पुढे जातो. जुना मेल ३० दिवसांपुरताच घ्या, त्याहून जुन्या फिशिंगवर कुणी क्लिक करायचं ते करून झालेलं असतं.

डीएनएसकाका:
एमएक्सबद्दल. गेटवे मेल पोहोचण्याआधी अडवतो, एपीआय पोहोचल्यावर काही सेकंदांनी उचलून नेतो. तेवढ्यात फोनवर नोटिफिकेशन येऊन गेलेलं असतं. हा गेटवेचा खरा फायदा. पण एकाच टेनंटमधल्या दोघांतला मेल एमएक्सकडे जातच नाही. एखाद्याचं खातं हॅक झालं आणि तिथून सगळ्या ऑफिसला लिंक गेली तर गेटवेला पत्ताही लागणार नाही. तुमच्याकडे एपीआय अर्धाअधिक चालतोय, तोच सरळ करा.

तरीही वळवायचाच असेल तर तीन गोष्टी. टीटीएल (डीएनएस नोंद इतरांनी किती वेळ साठवायची ती मुदत) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा. इनबाउंड कनेक्टरवर (बाहेरून येणारा मेल स्वीकारायची एक्स्चेंजमधली जोडणी) ‘एन्हान्स्ड फिल्टरिंग’ लावा, नाहीतर एक्स्चेंजला प्रत्येक मेल गेटवेच्या आयपीवरून आलेला दिसतो आणि बाहेरच्या सगळ्या डोमेनचा एसपीएफ (पाठवणाऱ्या आयपीची तपासणी) फेल होतो. आणि पार्टनर कनेक्टर गेटवेच्या आयपी किंवा सर्टिफिकेटपुरता मर्यादित करा. हे राहिलं तर हल्लेखोर एमएक्सकडे न बघता थेट तुमच्या ‘मेल.प्रोटेक्शन.आउटलुक.कॉम’च्या पत्त्यावर मेल टाकतो आणि गेटवेला वळसा पडतो. गेटवे लिंक बदलून लिहीत असेल तर मूळ डीकेआयएम सही (मेल वाटेत बदलला नाही याची खूण) मोडते, तेही ध्यानात ठेवा.

टेनंटवाला:
४०३ चा मजकूर तोच निघाला, पॉलिसी होती. आरबॅक लावला, ‘इनस्कोप’ एचआरवर फॉल्स, बाकीच्यांवर ट्रू. विक्रेत्याकडे रिन्यूचं तिकीट टाकलं. आता चाचणीला आयकारची फाइल (अँटीव्हायरस तपासायची निरुपद्रवी फाइल) पाठवली तर स्कॅनरच्या लॉगमध्ये ती येतच नाही.

परवानगीप्रमुख:
येणार नाही. आयकारला एक्स्चेंजचा स्वतःचा अँटी-मालवेअर दारातच अडवतो, मेलबॉक्समध्ये काही पोहोचत नाही. स्कॅनरमध्ये एक कस्टम नियम करा: विषयात अमुक विचित्र शब्द असेल तर मेल क्वारंटाइन. मग तो शब्द घालून एक मेल बाहेरून, एक आतल्या खात्यातून आणि एक शेअर्ड मेलबॉक्सला पाठवा. तिन्ही उचलले गेले पाहिजेत. नुसता इशारा आला आणि मेल जागेवरच राहिला तर ॲपकडे मेल.रीडच आहे, रीडराइट नाही.

एचआरसाठी पर्व्ह्यूच्या (मायक्रोसॉफ्टचं नोंदी तपासायचं पोर्टल) ऑडिटमध्ये ‘मेलआयटम्सॲक्सेस्ड’ (मेल वाचल्याची नोंद) शोधा आणि स्कॅनरच्या ॲप आयडीने गाळा. कन्सेंट काढल्यानंतरच्या तारखांना त्या मेलबॉक्सवर एकही नोंद दिसायला नको. कॅशेमुळे पहिल्या दोन तासांतल्या नोंदी सोडून द्या.

वेबहुक_आणि_चहा:
ॲप तुमच्याच टेनंटमध्ये रजिस्टर केलं असेल तर क्लायंट सीक्रेटची (ॲपचा पासवर्ड) संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, पोर्टलवर जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. संपलं की एएडीएसटीएस७०००२२२ येतो. एएडीएसटीएस७०००२१५ आला तर बहुधा ‘व्हॅल्यू’च्या जागी ‘सीक्रेट आयडी’ चिकटवलेला असतो. स्कॅनर सर्टिफिकेट घेत असेल तर सीक्रेट वापरूच नका.