मदत हवी आहे: जांभळा इन्सुलेटर उन्हाने रंगलाय की मुद्दाम रंगवलाय?

नमस्कार मंडळी,

तारायंत्राच्या खांबांवरचे काचेचे इन्सुलेटर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणाऱ्या काचेच्या टोप्या, जमवायला लागून दोन वर्षं झाली. आजवर हाती आले ते सगळे निळसर-हिरवे, बहुतेक हेमिंग्रे-४२ (हेमिंग्रे कंपनीचा ४२ नंबरचा नमुना). आता एक जांभळा मिळालाय आणि त्याच्यावरून नजर हटत नाही.

आकार मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, सीडी १४५ (सीडी म्हणजे संग्राहक आकाराला देतात तो क्रमांक). अंगावर 'डब्ल्यू. जी. एम.' अशी उठावाची अक्षरं आहेत. आत बोट फिरवलं की आटे लागतात, म्हणजे कोव्हे यांच्या आट्यांच्या १८६५ च्या पेटंटनंतरचा, एवढं कळलं. खालच्या कडेचा तांदळाएवढा कपचा उडालाय. एका बाजूला काळं पुट चढलंय, ते साबणाने हललंसुद्धा नाही.

किरणोत्सर्गाचा मारा करून साध्या काचेला जांभळी करतात असं वाचल्यापासून जीव टांगणीला लागलाय. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि काजळी कशी काढू? ज्यांच्याकडून घेतला त्यांनी तारेचा ब्रश सुचवला, पण हात धजला नाही.

प्रतिसाद:

धजला नाही तेच बरं, ते ओरखडे कायमचे राहिले असते. प्लास्टिकच्या बादलीत ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी करून त्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घाला, पूड नाकात जाऊ देऊ नका, मुलांपासून लांब ठेवा. धुताना एकदम गरम पाणी नको, जुनी काच तडकते.

ती अक्षरं अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या वेस्टर्न ग्लास मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची आणि त्यांचे जांभळे नग पुष्कळ सापडतात. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते. ती मारायला मँगॅनीज घालत आणि वर्षानुवर्षं उन्हातली अतिनील किरणं खाऊन तेच जांभळं होतं. किरणोत्सर्गाने हाच बदल झटपट होतो, म्हणून नुसत्या रंगावरून छातीठोक सांगता येत नाही. पण शाईसारखा गडद असेल तर मी तरी सावध होईन. पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा, घुमटाचा वेगळा, कडेचा वेगळा.

धागाकर्ता:

मनापासून आभार! कागदावर ठेवून पाहिला. कडेला फिकट जांभळा दिसतोय, शाईसारखा नक्कीच नाही. फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून टाकतो. आम्लात आधी एक फुटका हेमिंग्रे बुडवून बघेन, मगच ह्याला हात लावेन.